सहाच्या आधी की नंतर

लोणार
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र पोचलं. तुला फोनवर धड ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, कारण दुपारी मला उसंत मिळते तेव्हा आत लेकरं झोपलेली असतात. त्यामुळे आपलं हे टपालच बरं. कानाच्या यंत्राचं मी पुन्हा काढत नाही. मागच्या वेळी तू त्यावरून किती चिडली होतीस ते लक्षात आहे.

पाळणाघर कसं चाललंय म्हणून विचारलंस. लेकरं वाढली, चाललंय ते बरंच चाललंय म्हणायचं. सांभाळायला मी आणि बेबीताई. अनंतरावांचं म्हणणं, समोरच्या दोन्ही खोल्या गेल्या आता स्वयंपाकघर तरी मला ठेव. लेकरांचा त्रास नाही गं. त्रास आहे तो त्यांच्या आईबापांचा, आणि तोही एका कागदाचा.

दाराजवळ स्टुलावर एक तक्ता असतो. सकाळी लेकरू सोडणाऱ्यानं त्यात नाव लिहायचं, आणल्याची वेळ लिहायची, आणि संध्याकाळी कोण कधी नेणार तेही लिहायचं. एवढंच. पण वेळ म्हटली की जो तो आपल्या घरचं घड्याळ घेऊन येतो. सोहमचे बाबा, राम म्हणून आहेत, महामार्गाच्या कंट्रोल रूममध्ये पाळीवर काम करतात. ते लिहितात १७:००. बँकेतल्या मॅडम इंग्रजीत 5 PM. एका मास्तरांनी ५.५ लिहिलं. मी समजले साडेपाच, बेबीताई समजली पाच वाजून पाच मिनिटं, आणि तिनं लेकराला पायमोजे घालून अर्धा तास दारात बसवलं. एक आई रोज नुसतं 'रोजच्यासारखं' लिहून जाते. सोहमचे आजोबा उत्तमराव तर लिहीतच नाहीत. सुलतानपूरहून एसटीनं येतात, दारातून बेबीताईला सांगतात, "पाचले येतो वं," आणि चालले. अक्षर सुंदर आहे त्यांचं, पण लिहायचा कंटाळा.

तू गणित शिकवलंस जन्मभर. याच्यावर काही उपाय सांग ना.

तुझी,
सुचिता


पिंपळगाव राजा
१ ऑक्टोबर २०२४

चि. सुचिता,

तुझं पत्र वाचून मी एकटीच हसत बसले. शेजारच्या सोजराबाईला वाटलं म्हातारीला काहीतरी झालं.

उपाय सोपा आहे. वेळ ही मतं मांडायची गोष्ट नाही. शाळेत मी पोरांना सांगायची, उत्तर बरोबर असून उपयोग नाही, ते दुसऱ्याला वाचता आलं पाहिजे. तू तक्ता नव्यानं छापून घे. वेळेसाठी चार चौकोन कर, मध्ये दोन टिंबं, पुढे सकाळ-संध्याकाळ लिहून ज्याला त्याला गोल करायला लाव. आकड्यातच लिहायचं. शब्दात नाही, तोंडी तर मुळीच नाही. तोंडी सांगितलेलं बेबीताईच्या डोक्यात राहतं, आणि बेबीताई एक दिवस आजारी पडली की तुझं पाळणाघर आंधळं. कोणाला राग आला तर येऊ दे. आठवड्याभरात सवय होते.

माझं बरं आहे. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर करू म्हणतात. काळजीचं काही नाही, दोन दिवसांचं काम. तू येऊ नकोस, लेकरं टाकून येणं बरोबर नाही.

पेरूला यंदा फळ चांगलं आहे. पाठवायची सोय नाही म्हणून नुसतं सांगते.

आशीर्वाद.
पद्मजाआत्या


लोणार
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

डोळा कसा आहे? सोजराबाईंच्या मुलीनं फोनवर सांगितलं की ऑपरेशन नीट झालं. पण तुझ्या हातचं अक्षर आल्याशिवाय मला खरं वाटत नाही.

दिवाळीची सुट्टी संपली त्या दिवसापासून नवा तक्ता लावला. अगदी तू सांगितलास तसा. पहिले दोन दिवस कुरकुर झाली. पण आता एका नजरेत कळतं, कोण कधी येणार. अनंतराव म्हणाले, "आता तुझं पाळणाघर सरकारी कचेरी दिसायला लागलं." मी म्हटलं, ऑफिसात बसून तुमच्याच डोळ्यांना तसं दिसतं.

एकाच माणसाशी जरा वाजलं. उत्तमराव काका नेहमीसारखे दारातून म्हणाले, "पाचले येतो."

मी म्हटलं, "काका, तोंडी नको. इथं लिहा."

त्यांनी पेन घेतलं आणि चौकोनांच्या डोक्यावर ठसठशीत 'पाच' लिहिलं.

"आकड्यात, काका. शून्य, पाच, मग दोन शून्यं."

"पाचाच्या आंधी शून्य कायले?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता. पण मागं बँकेच्या मॅडम घाईत उभ्या होत्या, त्यांनी सुस्कारा टाकला. आणि मीही म्हणून गेले, "सगळ्यांना जमतं काका, तुम्हालाच कसं जमत नाही?"

त्यांनी पेन स्टुलावर ठेवलं. "सूनबाई लिहीत जाईल आता," म्हणाले, सोहमच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेले.

तेव्हापासून सकाळी सोहमची आई निशिगंधा वेळ लिहिते. ती इथंच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, सोहमला सोडून तशीच पुढे जाते. नाशिकला इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी आहे, चार चौकोन क्षणात भरते. काका संध्याकाळी येतात, लेकरू घेतात, जातात. पूर्वी बेबीताईशी दोन शब्द बोलायचे, तेवढे आता बोलत नाहीत. बेबीताई म्हणाली, "ताई, म्हातारा रुसला." मी म्हटलं, होईल नीट.

एकूण तुझी मात्रा लागू पडली. डोळ्याचं कळव.

तुझी,
सुचिता


पिंपळगाव राजा
३० नोव्हेंबर २०२४

चि. सुचिता,

हे पत्र मीच लिहिते आहे, तेव्हा डोळा आहे असं समज. ओळी वरखाली होत असतील तर चालवून घे. मध्ये एकदा पुन्हा दाखवायला जावं लागलं, थोडी लाली आली होती. आता ठीक आहे.

तक्त्याचं वाचून समाधान वाटलं. त्या गृहस्थांचं मनावर घेऊ नकोस. आमच्या पिढीच्या माणसांना कोणी काही शिकवलं की अपमान वाटतो. मला तरी कुठे आवडतं? पण शिस्त एकासाठी मोडली की सगळ्यांसाठी मोडते. सूनबाई लिहिते आहे ना, मग झालं.

थंडी पडली आहे. लेकरांना कानटोप्या घालत जा.

पद्मजाआत्या


लोणार
१५ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

हे पत्र कसं लिहावं ते कळत नाही, म्हणून घडलं तसं सांगते.

गेल्या सोमवारी सकाळी निशिगंधा सोहमला सोडायला आली आणि तिनं चौकोनात ०६:४५ लिहून संध्याकाळला गोल केला. मी वाचलं. म्हटलं, आज उशीर? ती सासऱ्यांबद्दल म्हणाली, "बाबा मेहकरला आत्याबाईंकडे गेलेत. तिकडून परस्पर इथं येणार आहेत. तीच वेळ सांगितली त्यांनी." मला क्षणभर वाटलं, डिसेंबरच्या दिवसात एवढ्या अंधाराचं म्हातारा माणूस लेकरू घेऊन एसटीनं जाणार? पण कागदावर सगळं स्वच्छ होतं. मी पुढच्या लेकराकडे वळले.

सहा वाजले, अंधार पडला. एकेक लेकरू गेलं. सोहम एकटा राहिला, बेबीताईच्या मांडीवर बसून पोहे खात होता. आम्ही निवांत होतो. ०६:४५ ला वेळ होता.

पावणेसात झाले. सात झाले. मी काकांना फोन लावला, नुसता वाजत राहिला. मग निशिगंधाला लावला. ती लॅबमधून धावतच आली. "पावणेसहाच म्हणाले होते," ती म्हणाली, "मी नीट ऐकलं होतं."

बेबीताई उठून उभी राहिली. "काय म्हणाले? पावनेसा? मंग मा‌य बाई, ते तं कवाचेच याले पाह्यजे होते!"

"पावणेसहा म्हणजे सहा पंचेचाळीस ना?" निशिगंधानं विचारलं.

आत्या, आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यावरून तिला कळलं.

बेबीताई पदर खोचून स्टँडकडे निघाली, मी सोहमला कडेवर घेऊन मागं. काका स्टँडच्या अलीकडे, बंद असलेल्या एका दुकानाच्या ओट्यावर बसलेले सापडले. बसलेले म्हणजे भिंतीला टेकलेले. टोपी खाली पडली होती. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. आम्हाला पाहून काहीतरी बोलायला गेले, शब्द आला नाही. उजवा हात उचलला जात नव्हता. गाडी करून मेहकरला नेलं, तिथून संभाजीनगरला हलवलं. लकवा आहे. जिवाचा धोका टळला असं काल कळलं. डॉक्टरांनी विचारलं म्हणे, किती वाजता झालं? कोणालाच सांगता आलं नाही.

तो तास गेला, आत्या. ते तिथं बसले होते आणि आम्ही इथं पोहे खात होतो.

रामनं दवाखान्यातच बायकोला सगळ्यांदेखत सुनावलं, "एवढं मराठी समजत नाही तुले?" गावात आता तेच चाललंय, सुनेनं सासऱ्याचं बोलणं मनावर घेतलं नाही. सोहम त्या दिवसापासून येत नाही. मला कोणीही एका शब्दानं बोललेलं नाही. माझा तक्ता बरोबर होता ना.

सुचिता


पिंपळगाव राजा
२१ डिसेंबर २०२४

चि. सुचिता,

पत्र तीनदा वाचलं.

माझं मत विचारशील तर, चूक त्या मुलीची आहे. न कळलेला शब्द विचारायला काय जातं? घरातल्या घरात मोकळं बोलणं नसलं की असं होतं. आजकालच्या मुलींना वाटतं विचारलं तर कमीपणा येईल. हे मी स्पष्ट लिहिते.

पण तुझं पत्र मिटल्यावर दुसरंही एक मनात आलं, तेही लिहिते. ते गृहस्थ तोंडी सांगत होते तेव्हा बेबीताईला बरोबर कळत होतं. आकड्यात लिहायचा नियम मी सांगितला आणि तू लावलास, म्हणून त्यांचं बोलणं सुनेच्या हातून कागदावर आलं. हे त्या घरातल्या कोणाला माहीत आहे का? नसेल तर तुला सांगावं लागेल. सांगितल्यानं आणखी दोन-चार लोक लेकरं काढतील, त्याची तयारी ठेव. पण सगळा भार त्या एकटीच्या डोक्यावर असताना आपण कागद बरोबर होता म्हणून बसून राहणं बरं नाही.

पत्र लिहू नकोस त्यांना. फोनही नको. जाऊन सांग.

पद्मजाआत्या


लोणार
२० जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

तू सांगितल्यावर जायला मला महिना लागला. आधी ते संभाजीनगरला होते, मग संक्रांत आली, असं स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे भीती वाटत होती. काल रविवार होता, एसटीनं सुलतानपूरला गेले. अनंतराव सोबत येतो म्हणाले, मी नको म्हटलं.

ओसरीत काका खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली, उजवा हात उशीवर ठेवलेला. त्यांच्या बायकोनं, झुंबरबाईंनी, मला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर त्यांनी आत आवाज दिला. राम बाहेर आला. निशिगंधा काकांच्या पायाशी बसून त्यांची बोटं एकेक उघडत, मिटत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा बोटांकडे लक्ष दिलं.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पेनाचं, चौकोनांचं, सगळ्यांसमोर मी काय बोलले तेही. म्हटलं, "पूर्वीसारखं काकांनी बेबीताईला स्वतः सांगितलं असतं, तर सहाच्या आत आम्ही शोधायला निघालो असतो. ते सांगणं मी बंद केलं. निशिगंधाला एकटीला बोलू नका."

राम ऐकून ओसरीच्या कडेला बसला. मग म्हणाला, "मॅडम, मी स्टँडवर इचारून आलो. बाबाची गाडी साडेपाचच्या आंधीच लागली होती. पानटपरीवाल्यानं त्याईले ओट्यावर बसलेलं पाह्यलं, त्याले वाटलं गाडीची वाट पाहून राह्यले. तेव्हाच झालं का नंतर झालं, कोनाले मालूम? डॉक्टरबी सांगू शकत नाही." मग तो म्हणाला, "मी हिले बोललो ते बोललो. चूक झाली म्हनून नाही, घाबरलो होतो म्हनून."

हे तो माझ्याकडे पाहून म्हणाला, पण सांगत तिला होता. तिनं मान वर केली नाही. बोटं उघडणं-मिटणं मात्र थांबलं.

तेवढ्यात काका काहीतरी म्हणायला लागले. "पा... पाव..." शब्द घशातच अडकत होता. झुंबरबाई पुढे झाल्या, "पानी पाह्यजे?" त्यांनी मान हलवली. रामनं विचारलं, "पाय दुखते?" पुन्हा नाही. "पाव...णे..." ते म्हणाले.

ओसरीत सगळे गार झाले. निशिगंधाचा चेहरा मी पाहिला, आत्या. पुन्हा तेच निघणार, हे सगळ्यांना एकदमच वाटलं असावं. रामनं नजर वळवली. झुंबरबाई म्हणाल्या, "राहू द्या ना आता ते, कायले काढता?" काका चिडले. डाव्या हातानं खाट ठोकली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

निशिगंधा उठली नाही. तिनं काही सुचवलंही नाही. त्यांचा हात हातात धरून नुसती बसून राहिली, जशी आपण झोपलेल्या लेकराजवळ बसतो तशी. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी त्यांनी तोंड इकडे केलं, तिच्याकडे पाहिलं, आणि एकेक अक्षर ओढून काढलं.

"पाव्ह...णीले... चा."

"पाहुणीला चहा," ती म्हणाली. "ठेवते बाबा." आणि उठून आत गेली. आत गेल्यावर तिच्या रडण्याचा आवाज आला. राम तिच्या मागं गेला.

झुंबरबाई पदरानं डोळे पुसत मला म्हणाल्या, "तिच्याशीच बोलतेत आता ते. आमी घाई करतो ना, शब्द तोंडातून हिसकून घेतो. ती थांबते. बसा तुमी. उभ्या काऊन?"

मी चहा घेतला. काकांनी कपात पाहिलं, मला पाहिलं, आणि अर्ध्या तोंडानं हसले. माफ केलं की काय ते मला माहीत नाही. मीही विचारलं नाही.

तू त्या मुलीबद्दल लिहिलंस ते मला तेव्हाही टोचलं होतं. ती विचारायला लाजली असेल, पण बेफिकीर नाही गं.

तुझी,
सुचिता


पिंपळगाव राजा
२ फेब्रुवारी २०२५

चि. सुचिता,

न पाहिलेल्या मुलीबद्दल मी लिहिलं ते खोडून टाक. पेन घेऊन खरंच खोड.

तिनं का विचारलं नाही, हे मला कळायला नको होतं का? माझ्याइतकं कोणाला कळणार? सुचिता, तुला सांगितलं नव्हतं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी थेंब घालायची वेळ समजावली, मला त्यातलं निम्मंही ऐकू आलं नाही. मागं रांग होती. मी मान डोलावली, हो हो म्हटलं आणि बाहेर आले. घरी येऊन दोन औषधांची अदलाबदल केली. लाली आली असं मी लिहिलं ना, ती त्याची. पुन्हा गेले तेव्हा त्यांनी विचारलं, समजलं होतं ना तुम्हाला? मी पुन्हा मान डोलावली. पस्तीस वर्षं पोरांना सांगितलं, न समजलं तर हात वर करा. बँकेत, दुकानात, बसमध्ये मी नुसती हो म्हणत असते. लोकांना वाटतं बाई फार सालस.

परगावच्या सुनेला सासऱ्याच्या बोलण्यात एक शब्द कळला नाही. तिनं मनात त्याचा आकडा केला आणि हो म्हटलं. हो म्हणणं फार सोपं असतं.

तक्ता फेकू नकोस. कागद लागतोच. पण ज्याला जसं येतं तसं लिहू दे, आणि तो माणूस दारात असतानाच वाचून दाखव, त्याच्या तोंडून पुन्हा वदवून घे. थोडा वेळ जाईल. जाऊ दे.

पुढच्या आठवड्यात सोजराबाईला घेऊन खामगावला जाते आहे, कानाचं यंत्र बघायला. कोणाला सांगू नकोस, म्हणजे अनंतरावांना सांगितलंस तरी चालेल.

त्या मुलीला माझा नमस्कार सांग. आशीर्वाद नको, नमस्कारच सांग.

पद्मजाआत्या


लोणार
११ मार्च २०२५

प्रिय आत्या,

यंत्र घालून तुला कुकरची शिट्टी ऐकू आली आणि तू दचकून पळीच खाली टाकलीस, हे वाचून आम्ही सगळे हसलो. नमस्कार पोचवला. ती म्हणाली, "त्यांना सांगा, मी आता सगळ्यांना विचारते. लॅबमध्येही."

दोन लेकरं कमी झाली. स्टँडवरची गोष्ट ऐकून त्यांच्या घरच्यांनी काढली, आणि मी अडवलं नाही. चौकोनांचे छापलेले तक्ते मी पाठकोरे म्हणून लेकरांना चित्रं काढायला दिले. आता साधा कागद आहे. राम १७:४५ लिहितात, मास्तर ५.५, बँकेच्या मॅडम इंग्रजीत. बेबीताई दारात उभी राहून प्रत्येकाला एकच विचारते. "म्हंजे सहाच्या आंधी का नंतर?" पाच म्हटलं तर पाचाच्या, सहा म्हटलं तर सहाच्या, ज्याचा जो आकडा त्याच्या आधी की नंतर, एवढंच. पहिल्यांदा लोक वैतागले. बँकेच्या मॅडमनी तर विचारलं, "मला एवढंही कळत नाही का?" बेबीताई म्हणाली, "तुमाले कळते हो. मले कळू द्या."

सोहम महिनाभरापासून पुन्हा येतो. आज सकाळी तो आला तेव्हा निशिगंधाच्या दुसऱ्या बाजूला काका होते. काठी घेऊन, पाय ओढत, पण चालत. संध्याकाळी न्यायला ती येणार होती, तेही सोबत येणार होते, पण वेळ मीच सांगीन असा हट्ट होता म्हणे त्यांचा. घरून तसं ठरवूनच निघाले होते.

दारात ऐन घाईची वेळ. मागं चार-पाच जण लेकरं घेऊन उभे. मी स्टूल पुढे केलं, त्यांनी बसायला नकार दिला. काठी निशिगंधाकडे दिली, चौकट धरली आणि बेबीताईकडे पाहून सुरुवात केली.

"स..."

बेबीताई थांबली. मी थांबले. मागं कोणाचं तरी लेकरू रडायला लागलं, त्याच्या आईनं त्याला खांद्यावर घेतलं आणि तीही थांबली. बँकेच्या मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि हात खाली घेतला. निशिगंधा काकांच्या तोंडाकडे बघत होती, ओठ तिचेही हलत होते, पण आवाज एकही काढला नाही तिनं.

"सव्... वा... पाचले."

"सव्वापाचले," बेबीताईनं म्हटलं. आणि मग, सवयीनंच गं, तिच्या तोंडून निघून गेलं, "म्हंजे पाचाच्या आंधी का नंतर?"

काकांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता पुन्हा रुसतात. आणि एका दमात, कुठंही न अडखळता, ते म्हणाले,

"सव्वा नंतरच असते वं!"

त्यांच्या घरी इतके दिवस कोणी ऐकलं नव्हतं असं सलग वाक्य. मागचे सगळे हसले. निशिगंधा हसली, मग तिला रडू आलं, मग पुन्हा हसली. काकांना आधी कळेना काय झालं. मग कळलं, आणि स्वतःचाच आवाज ऐकत असल्यासारखे ते तसेच उभे राहिले.

बेबीताईनं कागदावर लिहून घेतलं. आकड्यात नाही, अक्षरात.

तुझी,
सुचिता